‘बहुधा’ या शब्दाचा अधिकार

दुसऱ्याच्या दप्तरांत चुकीची नोंद सांपडली, ती कोणाच्या हातून चुकली हेंही कळलें, परंतु मूळ नोंद करणाराच्या मनांत काय होतें हें विचारण्याची सोय उरली नाहीं, अशा प्रसंगीं ती नोंद सुधारावी काय? सुधारावी, असें व्यवहार म्हणतो. हात लावूं नये, असें दप्तराविषयींची निष्ठा म्हणते. पोथ्यांच्या नकला करणारे जुने लेखक शेवटीं हात झटकून मोकळे होत: जसें पुढें दिसलें तसें उतरलें, शुद्धाशुद्धाचा दोष आम्हांकडे नाहीं. ह्या वृत्तीची थट्टा करणें सोपें आहे. परंतु ज्या नकलकारांनीं आपल्या अकलेप्रमाणें पाठ ‘शुद्ध’ केले त्यांनींच पुढील संशोधकांस अधिक छळलें, हें ज्यांनीं चार पोथ्या ताडून पाहिल्या आहेत त्यांस सांगावयास नको.

हा जुना प्रश्न आम्हांस पुन्हां विचारांत घ्यावासा वाटला तो मात्र पोथ्यांमुळें नव्हे. लिनक्स या संगणकप्रणालींत एक्स्ट-फोर नांवाची एक फाईलसिस्टीम आहे. म्हणजे तबकडीवर फाईली कशा मांडावयाच्या, त्यांचा हिशेब कसा ठेवावयाचा, याची एक शिस्त. २००८ च्या अखेरीपासून ती सर्वांच्या वापरासाठीं खुली असून जगांतील असंख्य यंत्रांवर तीच चालते. तिच्यांत फाईलींच्या तारखांविषयीं एक दोष होता; तो लिनक्सच्या कर्नेलच्या ४.४ या आवृत्तींत, जानेवारी २०१६ मध्यें, दूर करण्यांत आला. ओळी मोजूं गेल्यास दुरुस्ती क्षुल्लक आहे. पण त्या क्षुल्लक दुरुस्तीनें जो पेंच उभा केला तो असा कीं, नीतिशास्त्राच्या अभ्यासकानें त्याकडे पाठ फिरवूं नये.

प्रथम यंत्राची रीत समजून घेऊं. प्रत्येक फाईलीमागें यंत्र एक लहानसें टिपण ठेवतें. त्यास आयनोड म्हणतात. फाईल कोणाच्या मालकीची, केवढी, तबकडीवर कोठें आहे, हें त्यांत असतें, आणि त्यांतच तारीख-वेळेचे शिक्के असतात. शेवटीं वाचली केव्हां, हा एक. मजकूर शेवटीं बदलला केव्हां, हा दुसरा. आणि खुद्द टिपणांत शेवटचा फेरफार झाला केव्हां, हा तिसरा. फाईलीच्या जन्मवेळेचा चौथा शिक्का एक्स्ट-फोरनें वाढविला. यांपैकीं मजकुराचा शिक्का मालकास आपल्या मर्जीप्रमाणें बदलतां येतो. एखाद्यानें आजोबांचें एक पत्र स्कॅन केलें आणि त्या फाईलीवर पत्राचीच तारीख, समजा १५ ऑगस्ट १९४७, घातली, तर यंत्र तक्रार करीत नाहीं. त्या काळीं ही फाईल नव्हती हें खरें. पण मालकाला जें सांगावयाचें आहे तें पत्राविषयीं आहे, आणि तें सांगण्याचा त्याला हक्क आहे. टिपणाचा शिक्का मात्र यंत्र स्वतः मारतें. मालकानें पत्रावर १९४७ घातलें तें कोणत्या दिवशीं घातलें, हें तेथें आपोआप उमटतें. हा भेद पुढें कामास येईल.

यंत्राला शक, संवत्, सन यांपैकीं कांहीं ठाऊक नाहीं. ग्रिनिचच्या वेळेप्रमाणें १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून किती सेकंद लोटले, एवढी एकच संख्या तें जाणतें. त्यापूर्वीचा काळ असेल तर ती संख्या उणे होते. जुन्या टिपणांत ह्या संख्येस ३२ बिटांची जागा होती. तेवढ्यांत १३ डिसेंबर १९०१ पासून १९ जानेवारी २०३८ पर्यंतचाच काळ मावतो. त्या दिवशीं आपल्या घड्याळांत सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंद झाले कीं जागा संपली. एक्स्ट-फोरच्या कर्त्यांनीं ही अडचण आधींच ओळखून टिपण १२८ बाइटांचें २५६ बाइटांचें केलें आणि त्यांतील शिक्क्यांना आणखी ३२ बिटांची पुरवणी जोडली. तिच्यांतील ३० बिट सेकंदाच्या अब्जांश भागांसाठीं गेले. उरलेले दोन वर्षें वाढविण्यासाठीं ठेवले. दोन बिटांच्या चार खुणा होतात: ०,०, ०,१, १,०, आणि १,१. एकेक खूण म्हणजे सुमारें १३६ वर्षांचें एकेक युग. अशा रीतीनें काळाची मर्यादा २०३८ वरून २४४६ पर्यंत नेली गेली. १९७० च्या पूर्वीच्या तारखा पहिल्या युगांतल्या, म्हणून त्यांची खूण ०,० असावयाची, असा मूळ संकेत.

चूक येथें झाली. उणे संख्येचा यंत्रांतील स्वभाव असा कीं तिला अधिक रुंद जागेंत मांडलें म्हणजे तिच्या डावीकडचीं सर्व घरें १ नें भरतात. त्यामुळें १९४७ ची तारीख लिहितांना ६४ बिटी कर्नेल त्या दोन घरांतही १,१ लिहूं लागला. संकेताप्रमाणें १,१ ही शेवटच्या युगाची खूण. म्हणजे अक्षरशः वाचलें तर आजोबांच्या पत्रावर १५ ऑगस्ट १९४७ नव्हे, तर डिसेंबर २३५५ मधली तारीख पडली होती. पण तें कोणाच्याच ध्यानांत येईना. कारण वाचणारा कर्नेलही त्याच हाताचा. मुख्य संख्या उणे दिसली कीं तो डावीकडचीं सारीं घरें स्वतःच १ नें भरी आणि त्या दोन खुणांकडे ढुंकूनही पाहत नसे. पत्र पुन्हां उघडावें तों तारीख १९४७ चीच. लिहिणाराची चूक वाचणाराच्या चुकीनें फिटत होती. दोघे मिळून खोटें बोलत होते असें म्हणवत नाहीं, कारण त्यांच्या दोघांच्या भाषेंत तें खरेंच होतें.

येथें जर्नलाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं, कारण ह्या फाईलसिस्टीमच्या विश्वासार्हतेची सारी कीर्ति त्यावर उभी आहे. पेढीवरच्या जुन्या मुनिमास ही कल्पना मुळींच नवी वाटणार नाहीं: आधीं रोजकीर्द, मग खतावणी. टिपणांत करावयाचा फेरफार प्रथम जर्नलांत लिहावयाचा, तो पुरा झाल्याची खूण करावयाची, आणि मग सवडीनें मूळ जागीं उतरावयाचा. मध्येंच वीज गेली तर यंत्र उठल्याबरोबर जर्नल वाचतें. जेथें पुरें झाल्याची खूण आहे तें पुन्हां उतरून घेतें, जेथें नाहीं तें सोडून देतें. त्यामुळें अर्धवट नोंद अशी उरत नाहीं. ह्या व्यवस्थेविषयीं आम्हांस आदर आहे. तथापि ती काय राखते हें नीट पाहिलें पाहिजे. नोंदींचा एकमेकींशीं मेळ ती राखते. नोंदींचा जगाशीं मेळ राखणें तिच्या हातीं नाहीं. १,१ ही चुकीची खूण जर्नलांत चोख लिहिली गेली, मूळ जागीं चोख उतरली, वीज गेली तेव्हां चोख परत आणली गेली. रोजकीर्द आणि खतावणी पै-पैला जुळाव्या, आणि मुळांत घेणेंच नसलेल्या माणसाच्या नांवें रक्कम पडलेली असावी, असा हा प्रकार. दप्तराची शिस्त आणि दप्तराचें सत्य ह्या दोन वस्तू आहेत, आणि पहिलीच्या थाटामुळें दुसरीची चौकशी कोणी करीत नाहीं, असा अनुभव यंत्रांपुरताच नाहीं.

दोष उघडकीस आला तो भविष्यकाळाच्या बाजूनें. एखाद्या फाईलीस १ जानेवारी २०४० ही तारीख दिली, तर ती यंत्राच्या चालू स्मृतींत असे तोंवर बरोबर दिसे. यंत्र बंद करून पुन्हां चालविलें कीं तीच फाईल नोव्हेंबर १९०३ ची होऊन बसे. २०१३ च्या अखेरच्या कर्नेलपर्यंत हा दोष तसाच असल्याचें त्या फाईलसिस्टीमच्या दस्तऐवजांतच नमूद होतें. आपल्या उणिवेची अशी उघड नोंद ठेवणारे लोक थोडे. शेवटीं २०१६ च्या आरंभीं वाचणें आणि लिहिणें दोन्ही सुधारलीं. २०४० आतां २०४० राहूं लागलें, आणि १९४७ ला आतां ०,० अशी योग्य खूण मिळूं लागली.

परंतु आधींच लिहिल्या गेलेल्या तबकड्यांचें काय? त्यांवर १,१ ही खूण आहे, आणि तिचे आतां दोन अर्थ झाले. लेखणी जुनी असेल तर १९४७. नवी असेल तर २३५५. लेखणी कोणती हें मात्र खुणेवर लिहिलेलें नसतें. येथपर्यंत गणित होतें. येथून पुढें गणितानें सुटणारें कांहीं उरत नाहीं.

दुरुस्ती करणारांनीं दोन उपाय एकदम योजिले. पहिला कर्नेलमध्यें: नोंदीस हात न लावतां ती समजुतीनें वाचावयाची. शेवटच्या युगाची खूण आणि सोबत उणे संख्या दिसली, कीं हा जुन्या लेखणीचा दोष समजून तारीख १९७० पूर्वीची धरावयाची. ही सवलत कर्नेलची ४.२० ही आवृत्ति निघेपर्यंतच ठेवावी, तोंवर सर्वांनीं आपल्या तबकड्या तपासून घेतल्या असतील, असें गृहीतही तेथेंच लिहून ठेविलें होतें. दुसरा उपाय तपासनीसाचा. ई-टू-एफ-एस-सी-के नांवाचा एक कार्यक्रम तबकडीची तपासणी करतो. त्याला ही खूण ओळखावयास शिकविलें. ती आढळली कीं तो सांगतो: अमुक क्रमांकाच्या टिपणावरील शिक्के ४ एप्रिल २३१० च्या पुढचे दिसतात, ते बहुधा १९७० च्या पूर्वीचे असावेत; दुरुस्त करूं काय? ‘होय’ म्हटलें कीं तो ते दोन बिट पुसून ०,० करतो.

ह्या वाक्यांतील ‘बहुधा’ हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. यंत्रें सामान्यतः हो किंवा नाहीं बोलतात. येथें एका यंत्राच्या तोंडीं त्याच्या कर्त्यांनीं शंका घातली, आणि ती खरी शंका आहे. १,१ ही खूण बुद्धिपुरस्सर लिहिणारा मनुष्य आजही असूं शकतो. नऊशें नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याची फाईल ठेवणाऱ्या कोणा वकिलाला तिच्यावर चोविसाव्या शतकांतली एखादी तारीख घालावीशी वाटली, तर ती त्याची हौस. पण हौसेचाही हक्क असतो, आणि आजोबांच्या पत्रावर १९४७ घालणाराचा हक्क जितका, तितकाच तो आहे. तपासनीस दोघांची खूण एकच पाहतो आणि दोघांस एकच न्याय लावतो.

कोणी म्हणेल, असा वकील लाखांत एक. त्याच्यासाठीं बाकीच्यांचीं पत्रें चुकीच्या शतकांत ठेवावयाचीं काय? हा आक्षेप बलवान् आहे, आणि व्यवहाराचा निर्णय त्यानेंच व्हावा हें आम्हांस मान्य आहे. शिवाय दुरुस्त केलेल्या खुणेचा मोठा गुण असा कीं जुना कर्नेल, नवा कर्नेल, सर्वजण ती सारखीच वाचतात, वाद मिटतो. परंतु संभव हा निर्णयाला पुरेसा असला तरी पुराव्याची जागा घेऊं शकत नाहीं. ज्यानें संभवावर भरंवसून दुसऱ्याची नोंद बदलली, त्यानें आपण संभवावर चाललों होतों एवढें तरी मागें ठेविलें पाहिजे. येथें तें राहत नाहीं. टिपणांत समासच नाहीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं हातीं घेऊन १९६६ सालीं पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति ज्यांनीं चाळली आहे त्यांस आठवेल कीं जो पाठ संपादकांस पुरता निश्चित वाटला नाहीं त्याच्याखालीं नागमोडी रेघ आहे, आणि टाकलेले पाठभेद तळटीपेंत जिवंत आहेत. वाचकाला संपादकाशीं भांडण्याची सामग्री संपादकच पुरवितो. दोन बिटांत नागमोडी रेघ मावत नाहीं. ते ०,० झाले कीं पूर्वी १,१ होते हें टिपण विसरून गेलें.

यांतली गंमत अशी कीं लिनक्सचे कर्ते स्वतःच्या लिखाणाच्या बाबतींत असे विसराळू नाहींत. २००५ सालापासून त्यांच्या संहितेंतील प्रत्येक बदल गिट नांवाच्या व्यवस्थेंत जपला जातो: कोणी केला, केव्हां केला, कां केला, पूर्वी काय होतें. ही तारखांची दुरुस्तीही तेथें आपल्या कारणांसह नांदते आहे. कारागिराच्या हत्याराचा इतिहास असा शाबूत, आणि गिऱ्हाइकाच्या पत्राचा दोन बिटांत गडप! ही कोणाची लबाडी नव्हे. जागेची टंचाई आहे. पण टंचाई म्हणून जें करावें लागतें तें करतांना हात थोडा आंखडता असावा.

कारण पुरावा अगदींच नव्हता असें नाहीं. मघां ज्या तिसऱ्या शिक्क्याचा उल्लेख केला तो येथें साक्षीदार आहे. मजकुराचा शिक्का २३५५ चा, आणि टिपणाचा शिक्का, जो मालकास बदलतां येत नाहीं, तो २०१२ चा असेल, तर ती खूण दोष सुधारण्यापूर्वीच लिहिली गेली होती हें उघड आहे, आणि ‘बहुधा’ला मोठेंच बळ मिळतें. तोच २०२१ चा असेल तर तें बळ बरेंच ओसरतें. तपासनीस हा साक्षीदार बोलावीत नाहीं. तो केवळ खूण पाहतो. साक्ष निर्णायक नसती हें खरें, कारण २०१६ नंतरही जुने कर्नेल पुष्कळ यंत्रांवर चालत राहिले, आणि यंत्राचें घड्याळ चुकीचें असूं शकतें. पण न विचारलेली साक्ष आणि विचारून अपुरी ठरलेली साक्ष यांत अंतर आहे.

२०१९ सालीं कर्नेलमधील समजुतीच्या वाचनाची सवलत काढून घेण्यांत आली. कारण सरळ दिलें होतें: सवलतीला चार वर्षें झालीं, दुरुस्ती करणारा तपासनीस मिळूं लागल्यास तीन वर्षें झालीं, आतां पुरे. ठरल्या मुदतीपेक्षां ती थोडी अधिकच चालली होती, तेव्हां वचनभंगाचा आरोप कोणी करूं शकत नाहीं. तरीही हा क्रम आम्हांस उलटा वाटतो. समजुतीनें वाचणें ही निरुपद्रवी गोष्ट होती. नोंद जशीच्या तशी राही, वाचणाराचें मत चुकलें तर उद्यां बदलतां येई, आणि २३१० सालापर्यंत तिच्यानें कोणाच्या खऱ्याखुऱ्या वर्तमानकाळास धक्का लागणार नव्हता. नोंद पुसून लिहिणें ही जड गोष्ट. ती परत फिरत नाहीं. असें असतां जें हलकें तें अल्पायुषी ठरलें आणि जें जड तें टिकलें. ज्याची तबकडी २०१४ पासून कपाटांत पडून आहे, जो आवृत्त्यांचीं निवेदनें कधीं वाचीत नाहीं, त्यानें ती आजच्या यंत्रास जोडली तर आजोबांचें पत्र त्याला २३५५ सालचें दिसेल. चूक त्यानें केली नाहीं, सवलतीची मुदत त्याला कोणी कळविली नाहीं, आणि तपासणी करून घेण्याचें ओझें मात्र त्याच्याच माथीं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संहितेंत ठेवलेली प्रत्येक सवलत कोणाला तरी सांभाळावी लागते. ती तबकडी वाचणाऱ्या इतर प्रत्येक कार्यक्रमानेंही तीच सवलत आपल्या पदरीं बाळगावी लागते. एकानें बाळगली आणि दुसऱ्यानें नाहीं, तर एकाच पत्राच्या दोन तारखा बाजारांत फिरूं लागतात. अपवादांनीं भरलेला कायदा शेवटीं कोणालाच कळत नाहीं, ही तक्रार वकिलांप्रमाणें प्रोग्रामरांचीही आहे. आम्हांस ती पटते. फक्त चार वर्षें हें माप कोठून आलें, तें समजत नाहीं. लोकांच्या कपाटांचा वेग आणि कर्नेलच्या आवृत्त्यांचा वेग एक नव्हे.

ह्या मानानें तपासनीसाच्या कर्त्यांनीं केलेली एक गोष्ट आम्हांस अधिक शहाणपणाची वाटली. त्यांनीं आपल्या तर्काला मरणतारीख लावून ठेविली आहे. यंत्राच्या घड्याळांत २२४२ साल उलटलें कीं तपासनीस ह्या खुणेवर संशय घेणें सोडून देईल. म्हणजे २३१० मधील पहिल्या प्रामाणिक लेखणीनें १,१ लिहावयास घेतलें त्याच्या सुमारें अडुसष्ट वर्षें आधींच हा तर्क आपल्या पायांनीं बाजूला होईल. ज्या लोकांचे पणजोबाही अजून जन्मले नाहींत त्यांच्या तारखांची ही काळजी. आपल्याकडे सरकारी ठराव तात्पुरता म्हणून निघतो आणि पिढ्यानपिढ्या चालतो. त्याच्याशीं ताडून पाहिलें म्हणजे ह्या एका ओळीचें मोल कळतें.

आमची उरलेली तक्रार ‘होय’विषयीं आहे. प्रश्न विचारला जातो, पण तपासनीसाच्या प्रत्येक प्रश्नास ‘होय’ असें आधींच सांगून ठेवण्याची सोयही आहे, आणि हजारों यंत्रें सांभाळणारा मनुष्य ती वापरतो. त्याला दोष देतां येत नाहीं. मात्र ज्या क्षणीं ‘होय’ यंत्रानेंच म्हटलें त्या क्षणीं ‘बहुधा’ कोणी वाचलेंच नाहीं. घरच्या एका तबकडीचा धनी तरी असें करूं नये. त्याच तपासनीसाला सर्व प्रश्नांस ‘नाहीं’ या बोलीवर चालवितां येतें. तेव्हां तो कांहीं न बदलतां केवळ काय दिसलें तें सांगतो. टिपणांचे क्रमांक तो देतोच. ते एका कागदावर उतरून घ्यावे, डीबगएफएस या कार्यक्रमानें एकेक टिपण उघडून त्यावरचा तिसरा शिक्का पाहावा, आजोबांचें पत्र कोणतें आणि भाडेपट्टा कोणता हें आपल्याच आठवणीला विचारावें. मग तपासनीसाला पुन्हां बोलावून ‘होय’ म्हणावें, आणि तो कागद त्या तबकडीच्या डबींत ठेवून द्यावा.